निरोगी माणसांचं शिखर

आमच्या साडभाऊंइतका संशयी माणूस गोंदिया जिल्ह्यात दुसरा जन्मलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. हेच वाक्य त्यांच्यासमोर म्हटलं तर ते चष्मा कपाळावर चढवतील आणि अगदी शांतपणे विचारतील, "जिल्ह्यातली सगळी माणसं तपासली का तुम्ही?" साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमची सासुरवाडी एकच, सालेकशाच्या पलीकडे जंगलाला टेकलेलं गाव. पण तेवढं सोडलं तर आम्हा दोघांत काही म्हणजे काही सारखं नाही. माझं गोंदियात राईस मिलच्या सामानाचं दुकान आहे. पट्टे, चाळण्या, रबरी रोल, बेअरिंग. गिऱ्हाईकाने विचारलं, "टिकेगा क्या भैया?" की मी म्हणतो, "आँख मूंद के ले जाओ." धंद्यात दुसरं उत्तर चालतच नाही. साडभाऊ पडले नागपूरच्या एका प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. त्यांना "आज गुरुवार ना?" असं विचारलं तरी ते "तसं दिसतं खरं" म्हणणार आणि भिंतीवरचं कॅलेंडर या वर्षीचंच आहे ना, ते पाहून येणार.

लग्नानंतर ते पहिल्यांदा सासुरवाडीला जेवायला बसले तेव्हाची गोष्ट गावात अजून सांगतात. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि सासूला मामीजी म्हणतात. मामीजींनी मोठ्या हौसेने वांग्याची भाजी केली होती. पदर सावरत त्यांनी विचारलं, "भाजी कशी झाली जी, जवाईबापू?" नवा जावई म्हणाला, "एका वाटीवरून काही सांगता येणार नाही." मामीजींनी निमूटपणे दुसरी वाटी वाढली. मग तिसरी. जावई प्रत्येक वाटी विचारपूर्वक संपवत होता आणि दाराआड उभ्या असलेल्या बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या. शेवटी पोटावर हात ठेवून ते म्हणाले, "आता बरी आहे असं म्हणायला थोडी जागा आहे." दुसऱ्या कोणा सासूचं तोंड उतरलं असतं. आमच्या मामीजींना मात्र हा जावई तिथेच आवडला. त्यानंतर प्रत्येक वेळी त्या मला एकदा वाढायच्या आणि त्यांना तीनदा, आणि वर मला ऐकवायच्या, "त्याहिले मोजून-मापून पाहा लागते, तुमाले का, तुमी त पयल्याच घासाले बेस म्हनता." आता माणसाने बेस म्हणावं हाही गुन्हाच झाला की नाही?

त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या थोरलीने, एकदा नवी साडी नेसून विचारलं होतं, "कशी दिसते मी?" साडभाऊ तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "तुलनेला दुसरी कोणी नाही." थोरली त्या वाक्यावर कितीतरी वर्षं खूश होती. मला मात्र पक्कं ठाऊक आहे की त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की शेजारी दुसरी बाई उभी केल्याशिवाय शास्त्राच्या दृष्टीने मत देता येत नाही. मी हे कधी कोणाला सांगितलं नाही. घरातली शांतता मलाही प्यारी आहे.

हा सगळा संशय त्यांना त्यांच्या मशीनने शिकवला. त्या मशीनचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. मराठी नाव त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, पण ते पुरं होईस्तोवर माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक निघून गेलं. "नाव सोडा, करते काय ते सांगा," मी म्हटलं. तेव्हा त्यांनी दुकानाच्या दाराशी उभं राहून समोरच्या गल्लीत सूप घेऊन तांदूळ पाखडणारी म्हातारी दाखवली. "ती बाई काय करते? हलकं आहे ते लांब उडवते, जड आहे ते जवळ ठेवते. आमचं मशीन हेच करतं. रक्ताच्या थेंबातले रेणू उडवायचे. हलका रेणू आधी पोचतो, जड मागून. कोण कधी पोचला त्यावरून त्याचं वजन कळतं आणि कागदावर त्याच्या वजनाच्या जागी एक शिखर उमटतं. रेणू जास्त तितकं शिखर उंच." मला हे एकदम पटलं. मी म्हटलं, "म्हणजे रक्ताची राईस मिल." ते म्हणाले, "तुमच्या मिलमध्ये एक खडा आला तर चालतो. आमच्याकडे माझ्या डोक्यातला कोंडा पडला तरी शिखर उमटतं." म्हणूनच हा गृहस्थ घरातसुद्धा विंचरत नसे. केस विंचरायचे ते अंगणात जाऊन, आणि तेही वारा कुठून वाहतोय ते पाहून. गाडीतून सालेकशाकडे जाताना दरेकशाच्या बाजूचे डोंगर दिसू लागले की ते खिडकीशी सरकायचे आणि बोटाने हवेत रेघ काढत म्हणायचे, "हे बघा, हा खालचा सगळा गोंगाट, आणि ते मधलं, ते खरं शिखर." डब्यातली माणसं आधी डोंगराकडे बघायची, मग त्यांच्याकडे आणि मग जरा सरकून बसायची.

तेव्हा ते औषधांच्या गोळ्यांत भेसळ आहे का ते तपासायचे. पोटाशी त्यांचा संबंध आला तो मामीजींमुळे. मामीजींचं पोट बिघडलं म्हणजे काय, तर "दोन घासांत भरून राह्यलं," एवढंच त्या म्हणायच्या. कोणी ओवा दिला, कोणी हिंग लावलं, कोणी सोड्याचं पाणी पाजलं. गावात पोटाच्या तक्रारीला कोण विचारतं? नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जठरात गाठ आहे आणि आता फार पसरली आहे, सहा महिने आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मामीजी दिवाळी पाहू शकल्या नाहीत. तेराव्याच्या दिवशी साडभाऊ मला विहिरीपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांच्या गोळ्यांत पाहिलं हो. यांच्या ताटात पाहिलं नाही." एवढं बोलून ते रडले. मी त्यांना तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी नुसताच रहाट धरून उभा राहिलो.

नागपूरला परत गेल्यावर त्यांनी साहेबांकडे जाऊन सांगितलं की गोळ्या दुसरा कोणी तपासेल, मला पोटाच्या गाठीचं काम द्या. काम असं की, गाठ लहान असतानाच रक्तात तिची काही खूण उतरत असेल, एखादा रेणू वाढत किंवा घटत असेल, तर तो मशीनवर शोधून काढायचा. म्हणजे मग तोंडातून पोटात नळी घालून पाहायच्या आधी, दुखायच्या आधी, बोटभर रक्तात कळेल. साधी गोष्ट वाटते, पण रक्तात रेणू किती, तर मोंढ्यात धानाचे दाणे किती तितके, आणि त्यातला एक शोधायचा. तेव्हापासून माणूस भेटला की त्यांनी रामराम करणंच सोडलं. "भूक कशी आहे? दोन घासांत पोट भरतं का?" हाच त्यांचा नमस्कार. लोकांच्या पंगतीत ते स्वतःच्या ताटाकडे न बघता दुसऱ्यांच्या ताटांकडे बघत बसायचे. कोणी भात मागे टाकला की झालं, त्याच्या मागे लागलेच. आमच्या मावससासऱ्यांनी तर त्यांच्या भीतीने लग्नकार्यात जास्तच जेवायला सुरुवात केली आणि शेवटी अजीर्णाने आजारी पडले.

मामीजी गेल्यावर वर्षाच्या आत धाकट्या मेव्हण्याचं लग्न उरकायचं ठरलं, नाहीतर पुढे तीन वर्षं थांबावं लागतं असं जाणती माणसं म्हणाली. साडभाऊंना तोवर आजारी माणसांचं रक्त इस्पितळातून मिळालं होतं. हवं होतं ते निरोगी माणसांचं, जोडीला ठेवून पाहायला. आणि तेही असंच कोणाचं नको. त्याच मुलखातलं, तोच भात खाणारं, तेच पाणी पिणारं. असा माणूस एकेक शोधायचा म्हणजे जन्म जायचा. एके दिवशी त्यांनी मला फोन केला. आवाजात भलताच उत्साह. "साडभाऊ, इतकी निरोगी माणसं एका जागी कुठे सापडतील हो? लग्नात!" मी कपाळावर हात मारला. पण त्यांनी रीतसर परवानगी आणली, प्रत्येकाला समजावून सांगून सह्या घेतल्या आणि आदल्या दिवशी बजावलं की सकाळी रक्त दिल्याशिवाय कोणी काही खायचं नाही. सकाळी पोह्यांच्या कढईपाशी ते स्वतः पहारा देत उभे राहिले. नवरदेवाच्या मामाने एक घास उचलला तर त्याचा हात धरला. लग्नात मामाचा हात धरणारा जावई मी तरी दुसरा पाहिला नाही.

ती सकाळ हळदीची. मांडवात बायकांनी नुसता धुमाकूळ घातला होता. ज्याला पकडता येईल त्याला पकडायचं आणि तोंडाला, हाताला, मानेला तेलातली हळद फासायची. स्वयंपाकी सुटला नाही, जीपचा ड्रायव्हर सुटला नाही, आम्ही दोघे जावई तर हक्काचेच. आमच्याकडे नवरदेवाच्या आईबापांनी जोडीने पाटावर बसायचं असतं. मामीजी नव्हत्या, म्हणून चुलत सासरे आणि चुलत सासूबाई जोडीने बसले आणि मामाजी पाण्याच्या टँकरकडे, मांडवाच्या खांबांकडे बघत फिरत राहिले. त्याच गडबडीत ओसरीवर साडभाऊंचा दवाखाना चालू. नागपूरहून आणलेला रक्त घेणारा माणूस स्पिरिटचा बोळा फिरवतोय, सुई टोचतोय, वऱ्हाडी "आई गं" करतायत, आणि साडभाऊ नळ्या बर्फात रोवतायत. सगळ्यांनी दिलं. मामाजींनीही दंड पुढे केला. "घ्या जी. जवायाले नाही म्हनता येते का?"

रक्ताची ती थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन साडभाऊ बसने निघाले. मी स्टेशनपर्यंत सोबत होतो. शेजारच्या म्हातारीने पेटीतून टपकणारं पाणी पाहिलं आणि विचारलं, "झिंगे आहेत का बापा? का भाव लावला?" साडभाऊ म्हणाले, "मावशी, हे माणसांचं रक्त आहे." खरं बोलायची इतकी घाई कशाला? बसमध्ये एकदम चिडीचूप झालं. पुढच्या फाट्यावर कंडक्टरने आम्हाला उतरवलं आणि उरलेला रस्ता आम्ही धानाच्या ट्रॅक्टरवर बसून काढला.

दोन-तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, "सापडलं. नक्की सापडलं." त्यांच्या तोंडून 'नक्की' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. वऱ्हाडातल्या निरोगी माणसांच्या रक्तात एक शिखर होतं, सुईसारखं उंच, आणि इस्पितळातल्या आजाऱ्यांत त्या जागी सगळं सपाट. त्याचं वजन कळलं होतं, नाव अजून कळायचं होतं. पण त्यांना वाटत होतं की हा पोटाला राखणारा रेणू असावा. हा आहे तोवर माणूस निरोगी, आणि हा सरला की गाठ. त्यांच्या साहेबांनी प्रयोगशाळेत पेढे वाटले. हैदराबादच्या परिषदेत साडभाऊंनी हे मांडायचं ठरलं. मी दुकानात सगळ्यांना सांगत सुटलो, "हमारे साढू भाई ने कॅन्सर पकड लिया." लोक म्हणाले, "मिठाई खिलाओ." मी खिलवली.

आणि आठवडाभरातच एका दुपारी साडभाऊ न कळवता दुकानात येऊन उभे राहिले. चेहरा पांढरा पडलेला. मी स्टूल दिलं तर बसले नाहीत. "शटर अर्धं ओढा," म्हणाले. मी ओढलं.

"साडभाऊ, वऱ्हाडातल्या एका नमुन्यात ते शिखर नाही. एकाच. मी तीनदा लावून पाहिलं. तो कोणाचा ते काल उघडून पाहिलं."

"कोणाचा?"

"मामाजींचा."

मामाजी परवाच तर दुकानात येऊन गेले होते. जरा वाळले होते खरे, पण बायको गेल्यावर कोण वाळत नाही? मी म्हटलं, "अहो, एका नमुन्यावरून काही सांगता येत नाही, असं तुम्हीच म्हणता ना?" ते म्हणाले, "मामीजींच्या वेळी मी हेच म्हणत बसलो होतो." दोघांनी ठरवलं, घरातल्या बायकांना काही सांगायचं नाही. मामाजींना गोंदियात आणायचं आणि पोटाच्या डॉक्टरांकडून नळी घालून तपासून घ्यायचं.

ठरवणं सोपं होतं. मामाजी म्हणजे पक्के झाडीपट्टीतले, तोंडावर सांगणारे. "मले का झालं जी? ताटभर भात खाऊन राह्यलो, वावरात जाऊन राह्यलो. कायले डाक्टर?" साडभाऊंना खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायचं नव्हतं. मग त्यांनी जन्मातली पहिली थाप मारली. म्हणाले, "मामाजी, मलाच नळी घालायची आहे. एकट्याला भीती वाटते. तुम्ही सोबत चला, आणि आलाच आहात तर तुम्हीही घालून घ्या, दोघांत थोडी सूट आहे." मामाजी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग धोतर बदलून आले.

थाप मारली म्हणजे निभवावी लागते. डॉक्टरांकडे आधी साडभाऊ आत गेले. बाहेर आले ते डोळ्यांतून पाणी गळतंय, नाक लाल, आवाज बसलेला. मामाजींजवळ बसून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काहीच होत नाही, मामाजी." मामाजी म्हणाले, "दिसून राह्यलं," आणि उठून आत गेले.

दार बंद झालं. मी पुष्कळ वर्षं धंदा केला आहे, उधारीच्या पार्ट्या बुडताना पाहिल्या आहेत, पण तशी वेळ माझ्यावर आली नव्हती. साडभाऊ बाकावर दोन्ही हात मांड्यांत दाबून बसले होते. मध्येच म्हणाले, "शिखर खरं ठरलं तर जगातल्या कितीतरी लोकांचं भलं होईल." मग थोड्या वेळाने म्हणाले, "खोटं ठरू दे. देवा, खोटं ठरू दे." देवाकडे त्यांनी काही मागितलेलं मी तेव्हाच ऐकलं. अख्खं काम, परिषद, साहेबांचे पेढे, सगळं त्यांनी एका वाक्यात उधळून दिलं होतं आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले ते हसतच. "तुमच्या सासऱ्यांचं पोट माझ्यापेक्षा चांगलं आहे. लहान मुलासारखं. थोडी ॲसिडिटी आहे ती जावईबुवांना, त्यांना गोळ्या लिहून देतो." मी तिथेच हात जोडले. साडभाऊ हसत होते आणि चष्मा काढून डोळे पुसत होते आणि पुन्हा हसत होते. मामाजी गळा चोळत येऊन आमच्या मधे बसले. मी तिघांना चहा सांगितला, तर डॉक्टर ओरडले की अजून तासभर काही प्यायचं नाही.

आता दुसरा कोणी असता तर देवाचे आभार मानून घरी गेला असता. पण साडभाऊंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पोट निरोगी, मग शिखर का नाही? ते मामाजींकडे वळले. "मामाजी, लग्नाच्या दिवशी सकाळी तुम्ही काय काय केलं? सगळं सांगा."

"का करू? पानी भरून घेतलो टाकीत. खांब पाह्यलो."

"तंबाखू?"

"नाही."

"औषध? काढा? काही चघळलं?"

"काईच नाही ना बापा."

"मग बाकीच्यांनी असं काय केलं जे तुम्ही केलं नाही?"

मामाजींनी थोडा विचार केला. "बाकीच्याईले हरद लागली होती. मले नाही लागली."

साडभाऊ बाकावरून उडालेच. "हळद!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की आतून नर्स धावत आली. "हळद हो, साडभाऊ! सगळ्यांच्या दंडाला हळद होती! स्पिरिटने निघाली नाही, सुईबरोबर कणभर आत गेली, हातांवरून नळीच्या तोंडाला लागली. या मशीनला कणभर म्हणजे पोतंभर! इस्पितळातल्या आजाऱ्यांना कोण हळद लावणार? मी रक्षक रेणू शोधला नाही, मी लग्नाची हळद शोधली!" आणि हा माणूस, ज्याचं वर्षभराचं काम त्या क्षणी मातीत गेलं होतं, तो टाळ्या पिटत हसायला लागला. तिथूनच त्याने साहेबांना फोन लावला. "सर, परिषदेतून नाव काढा. ते शिखर हळदीचं आहे. हो सर, भाजीतल्या. नाही सर, मी शुद्धीत आहे." मीही हसून हसून बेजार झालो. पुढे नागपूरला जाऊन त्यांनी चिमूटभर हळद मशीनला लावली तेव्हा ते शिखर अगदी त्याच जागी उभं राहिलं. पण ते नंतर.

फोन ठेवून ते बसले. हसू तोंडावर तसंच होतं. मग बोलता बोलता, नुसतं खात्री करून घ्यायची म्हणून, त्यांनी विचारलं, "पण मामाजी, तुम्हाला काऊन नाही लागली हळद?"

मामाजी म्हणाले, "कोनी लावलीच नाही."

अगदी साध्या आवाजात म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. "पाटावर त माजा भाऊ शंकर अन् त्याची घरवाली बसले होते. जोडीनं बसा लागते. मंग बायाईचं ध्यान तिकडंच राह्यते. तुमची मामीजी आसती त तिनंच लावली आसती पयली." आणि ते पुन्हा गळा चोळू लागले.

साडभाऊंचं हसू कुठल्या कुठे गेलं. माझंही. घरातलं लग्न, स्वतःच्या पोराचं, दीडशे माणसं पिवळी झालेली, त्यात हा एक माणूस कोरडा फिरत होता आणि आम्हा कोणाला दिसला नाही. लेकींना दिसला नाही, जावयांना दिसला नाही. दिसला तो त्या नागपूरच्या मशीनला.

सालेकशाच्या गाडीने आम्ही परतलो. घरी पोचल्यावर साडभाऊ पाय न धुता तडक स्वयंपाकघरात शिरले. मला वाटलं, चहा सांगायला गेले. बाहेर आले ते हातात वाटी घेऊन, वाटीत तेलात कालवलेली हळद. मामाजी अंगणात खाटेवर बसले होते. साडभाऊंनी त्यांच्यासमोर उकिडवं बसून दोन्ही गालांना हळद लावली. मग कपाळाला. मग दंडाला, जिथे सुई टोचली होती तिथे. मामाजी ओरडले, "येडे झाले का जी जवाईबापू! कोनाचं लगन होऊन राह्यलं?" मग मी पुढे झालो आणि वाटीत हात घातला. आवाज ऐकून थोरली आणि माझी बायको बाहेर आल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण बापाच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. नवी सूनही डोक्यावर पदर घेऊन आली आणि लाजत लाजत सासऱ्याच्या पायांना हळद लावून गेली. मामाजी "अवं, अवं" करत राहिले आणि हात मात्र त्यांनी कोणाचाच बाजूला केला नाही.

आता मामाजी नाहीत. पिकलं पान झाले होते, झोपेतच गेले, पोटाने शेवटपर्यंत साथ दिली. साडभाऊ हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेले, केस उडाले आहेत, त्यामुळे विंचरायचा प्रश्न मिटला. गाठीची खूण त्यांना अजून सापडलेली नाही. दोन-तीन शिखरं आली आणि पडली, एक अजून उभं आहे म्हणतात. आता ते निरोगी माणसांचं रक्त लग्नात घेत नाहीत. मधून मधून फोन येतो, मी दुकानाच्या भानगडी सांगतो, ते रेणूंच्या सांगतात. बोलणं संपत आलं की मला ती संध्याकाळ आठवते, त्यांनाही तीच आठवत असणार.

पानं मांडली होती. थोरली तांब्या घेऊन अंगणात गेली आणि म्हणाली, "बाबा, तोंड धुवा आता, जेवाले चाला." मामाजी खाटेवरून उठले, धोतर झटकलं, तांब्याकडे पाहिलं.

"राहू दे वं बाई," ते म्हणाले. "आजच्या दिवस राहू दे."

आणि तसेच पिवळ्या गालांनी आत येऊन ते आम्हा दोघा जावयांच्या मधे पंगतीला बसले.